पाषाणाचा फड

मराठीच्या मास्तराने ‘हार्ड रॉक’चे भाषांतर करू नये. केले तर ‘कठीण पाषाण’ होते, आणि मुले फळ्याऐवजी मास्तराच्या कपाळाकडे पाहू लागतात. मी आपला त्याला ‘फड’ म्हणतो. आमच्या आखाडा बाळापुरात तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही; माळेगावच्या जत्रेत तमाशाच्या तंबूत रात्र काढून आलेली माणसे येथे पुष्कळ आहेत.

तर असा एक फड मुंबईस १९८४ साली उभा राहिला. नाव ‘रॉक मशीन’. उदय बेनेगल गाणारे, महेश तिनईकर विजेच्या गिटारीवर. पुढे पेटीच्या भाऊबंदांतल्या वाद्यावर झुबिन बालापोरिया. पण आडनाव ऐकून आमच्या गावकऱ्यांनी छाती फुगवू नये, अकोल्याकडचे किल्ल्याचे बाळापूर आधी हक्क सांगेल! आरंभी ही मंडळी विलायती पथकांचीच गाणी वाजवीत. कॉलेजच्या पोरांना तेच हवे असे. मग त्यांनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ साली ती ध्वनिमुद्रित करून बाजारात आणली. १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले, १९९७ मध्ये फड मोडला.

फड मोडणे आपल्याला नवे नाही. मोडलेला फड तेरा वर्षांनी, २०१० साली, पुन्हा उभा राहिला, हे मात्र नवल. बास गिटार आणि ढोल तरुणांच्या हाती गेले. जुनी त्रयी चाळिशी ओलांडलेली. आणि वाजवायचे कुठे? तर शहरोशहरीच्या क्लबांत.

येथे तमासगीर अधिक सुखी, असे मला वाटते. तो आपली कनात आणि आपले स्टेज ट्रकवर घालून नेतो. नारायणगावच्या राहुटीत गावकऱ्यांशी सुपारी ठरली की रात्र त्याची. (आता दहाच्या ठोक्याला कर्णा बंद करावा लागतो, ते सोडा.) क्लब मालकाचा असतो, आणि मालकाचा नफा गाण्यापेक्षा पेल्यावर अधिक. लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ हा गाण्याचा नामांकित क्लब उघडला. २०१६ साली त्याला कुलूप लागले. फड टिकला तरी अंगण टिकेलच असे नाही.

दुःख मात्र दोघांचे एकच: फर्माईश. तमाशात गण-गौळण आटोपते न आटोपते तोच सिनेमातल्या गाण्याची आरोळी उठते. कांताबाई सातारकर २०२१ साली गेल्या; त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांच्यासारख्या सोंगाड्यानेही वग जपायचा म्हणजे पब्लिकशी रोज नव्याने झुंजायचे. इंडस क्रीडपुढे फर्माईश त्यांच्याच जुन्या गाण्याची, १९९० सालच्या ‘प्रिटी चाइल्ड’ची. आपलेच तरुणपण कुणीतरी परत मागावे, ही फर्माईश अधिक अवघड. तेवढे एक गाणे घोळवीत उरलेले आयुष्य काढता आले असते. पुष्कळ जण काढतात, आणि त्यांना मी नावे ठेवणार नाही. या मंडळींनी २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ नावाने कोरी गाणी काढली, १९९५ नंतर प्रथमच.

माळेगावच्या तंबूत आरोळी आली आणि सोंगाड्या चतुर असला, तर तो आरोळी देणाऱ्याचीच टर उडवून सगळ्यांना हसत हसत वगात ओढून नेतो. क्लबात सोंगाड्या नसतो. तेथे गाणाऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखे करायचे, आणि कुणीही न मागितलेले नवे गाणे सुरू करायचे.