विश्लेषण : गांजाची ‘सवय’ होते, तेव्हा पेशीत नेमके काय घडते?

‘पूर्वी एवढ्यात चढायची, आता काहीच होत नाही,’ ही रोज गांजा ओढणाऱ्यांची नेहमीची तक्रार. समर्थक याला ‘शरीर सरावले’ म्हणतात, विरोधक ‘व्यसन लागले’ म्हणतात. दोन्ही बाजूंचा वाद रंगतो तो वनस्पती चांगली की वाईट यावर. खरा बदल मात्र मेंदूतील पेशींच्या पृष्ठभागावर होतो. गांजातील रसायन ज्या रिसेप्टरवर जाऊन बसते, ते रिसेप्टरच पेशी आत ओढून घेऊ लागते.

हे रिसेप्टर कोणते?

गांजातील नशा आणणारे मुख्य रसायन म्हणजे टीएचसी. इस्रायलचे शास्त्रज्ञ राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते शरीरात कुठे काम करते, हे कळायला आणखी पाव शतक लागले. १९९० मध्ये मेंदूतील सीबी-१ रिसेप्टरचे जनुक हाती लागले, तर १९९३ मध्ये मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींत आढळणाऱ्या सीबी-२चे. आता एखाद्या झाडासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप असण्याचे काही कारण नाही. म्हणजे त्याची किल्ली शरीरातच बनत असणार. ती १९९२ मध्ये सापडली आणि संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून तिचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवले गेले.

आनंदामाइड गरजेपुरतेच तयार होते. समोरच्या चेतापेशीकडून येणाऱ्या संदेशांचा जोर कमी करायचा, की त्याचे काम संपले. मग विकरे त्याचे लगेच तुकडे करतात. टीएचसी मात्र तासन् तास रेंगाळते.

पेशी ते आत कसे घेते?

दारावरची बेल कोणी दाबूनच धरली, तर घरातला माणूस आधी तिची वायर काढतो. तरीही त्रास थांबला नाही, तर बेलच काढून ठेवतो. पेशीही दोन टप्प्यांत हेच करते. सतत चेतवल्या गेलेल्या सीबी-१च्या आतल्या शेपटीवर जीआरके नावाची विकरे फॉस्फेट चिकटवतात. त्या खुणेवर बीटा-अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसते. रिसेप्टर अजून जागेवरच असतो, पण त्याचा निरोप आत पोहोचत नाही.

दुसऱ्या टप्प्यात पेशीचे आवरण त्या जागी आत खचते. क्लॅथ्रिन या प्रथिनाची जाळी त्याला बुडबुड्याचा आकार देते आणि रिसेप्टरसह तो बुडबुडा तुटून आत जातो. हे सारे काही मिनिटांत होऊ शकते. आत गेल्यावर छाननी होते. काही रिसेप्टर परत पृष्ठभागावर पाठवले जातात, तर काहींची रवानगी लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या मोडीत काढण्याच्या कोठारात होते. चेतवणी लांबली, की मोडीत जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते. परत आलेला रिसेप्टर लगेच कामाला लागतो. मोडीत गेलेल्याच्या जागी नवा घडवावा लागतो. सवय मोडायला वेळ लागतो, त्यामागचे एक कारण हे आहे.

सगळी रसायने रिसेप्टरला सारख्याच वेगाने आत ढकलत नाहीत. टीएचसी सीबी-१ला अर्धवटच चेतवते, त्यामुळे प्रयोगशाळेत त्याचा हा परिणाम मंद दिसतो. ‘स्पाइस’, ‘के-२’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या मिश्रणांतील कृत्रिम रसायने त्याला पूर्ण ताकदीने चेतवतात. त्यांना ‘कृत्रिम गांजा’ म्हणणे फसवे आहे. त्यांच्या सेवनाने झटके येणे, हृदयाचे गंभीर त्रास आणि मृत्यूही नोंदले गेले आहेत.

माणसांत याचा पुरावा काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मेंदूच्या कॉर्टेक्समधील सीबी-१ रिसेप्टर सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसले. जितकी अधिक वर्षे सेवन, तितकी घट मोठी होती. देखरेखीखाली सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर बहुतेक भागांतील घट भरून निघाली. २०१६ मधील येल विद्यापीठाच्या अभ्यासात तर ही सुधारणा दोनच दिवसांत सुरू झाल्याचे दिसले.

पहिल्या दिवसांचा त्रासही यावरून समजतो. गांजा थांबतो, पण शरीराच्या स्वतःच्या आनंदामाइडला बसायला पुरेसे रिसेप्टर जागेवर नसतात. झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. घरच्यांना हा हट्ट वाटतो आणि सोडणाऱ्याला स्वतःचा दुबळेपणा. नेमक्या याच दिवसांत अनेक जण पुन्हा ओढू लागतात. हा त्रास बहुधा पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि नंतर ओसरतो, एवढे आधी सांगितले तरी धीर येतो.

रिसेप्टर थेट बंदच केले तर?

तोही प्रयोग झाला. सीबी-१ रोखणारे रिमोनाबंट हे वजन घटवण्याचे औषध २००६ मध्ये युरोपात मंजूर झाले. मात्र, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांचा धोका दिसल्याने २००८ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. भारतातही २००९ मध्ये त्यावर बंदी आली.

सेवनात खंड पडल्यानंतरची जोखीम मात्र फारशी बोलली जात नाही. महिनाभर थांबलेल्याचे रिसेप्टर बव्हंशी परतलेले असतात, पण त्याच्या लक्षात राहते ती जुनीच मात्रा. त्याच मात्रेने पुन्हा सुरुवात केली, की भीतीचा झटका, छातीत धडधड, गरगरणे असा त्रास होऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांना आजच्या मात्रेबरोबर मधल्या खंडाविषयीही सांगायला हवे.