शिबिर का घेतले नाही



गणेशोत्सवात एका खाजगी क्लिनिकला आपल्या हॉलमध्ये कर्करोगाच्या रक्तचाचणीचे शिबिर घेऊ द्यावे, सभासदांना सवलत मिळेल, हा प्रस्ताव कार्यकारिणीने नाकारला. त्यावरून व्हॉट्सॲपवर आणि सर्वसाधारण सभेत जे बोलले गेले ते सर्वांना माहीत आहेच. प्रस्ताव मांडणारे मंडळाचे जुने कार्यकर्ते आहेत. आपल्यातली काही माणसे उशिरा निदान झाल्यामुळे गेली, ते दुःख या आग्रहामागे आहे. त्यांच्या हेतूबद्दल कुणालाही शंका नाही. तरीही निर्णय योग्यच होता, असे आम्हाला वाटते.

कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. या तुकड्यांवरच्या रासायनिक खुणा वाचून कर्करोग आहे का आणि तो कुठल्या अवयवात असावा, याचा अंदाज काही चाचण्या बांधतात. सर्वांत गाजलेली ‘गॅलेरी’ एका रक्तनमुन्यावर पन्नासहून अधिक प्रकारांचा शोध घेते. हे विज्ञान थोर आहे. आपली माणसेही या क्षेत्रात आहेत; नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सचे नाव अनेकांनी ऐकले असेल. आमचा आक्षेप कुठल्याही कंपनीवर नाही.

प्रश्न आहे तो अहवाल हातात आल्यानंतरचा. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या ‘पाथफाइंडर’ अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या ६,६२१ जणांची गॅलेरी चाचणी झाली. ९२ जणांना कर्करोगाचा संकेत मिळाला. प्रत्यक्षात कर्करोग निघाला ३५ जणांना. उरलेल्या ५७ जणांनी स्कॅन आणि काहींनी त्याहून त्रासदायक तपासण्या सोसल्या, त्या नसलेल्या रोगासाठी. वर्षभरात एकूण १२१ जणांना कर्करोगाचे निदान झाले, म्हणजे ८६ जणांच्या रक्तात चाचणीला काहीच दिसले नव्हते. पुढच्या अभ्यासांत संकेत खरा ठरण्याचे प्रमाण सुधारले आहे, हेही नमूद करतो. पण ‘रिपोर्ट क्लिअर आला’ म्हणून पोटातल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणारा माणूस आमच्या डोळ्यांसमोर येतो. पहिल्या टप्प्यातल्या कर्करोगांपैकी सहातला जेमतेम एक या चाचणीला सापडतो, असे आधीच्या एका मोठ्या अभ्यासात दिसले होते.

लवकर सापडले की जीव वाचतो, हे आपण गृहीत धरतो. पण इथे ब्रिटनमध्येच दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर अंडाशयाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रा. उषा मेनन त्याच्या प्रमुख होत्या. दरवर्षी रक्त तपासलेल्या गटात रोग अधिक वेळा लवकरच्या टप्प्यात सापडला. तरी २०२१ मध्ये निष्कर्ष आला की मृत्यू कमी झाले नाहीत. एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेनेही २०२१ मध्ये गॅलेरीसाठी १,४०,००० स्वयंसेवकांचा प्रयोग हाती घेतला. त्यात निम्म्यांचे रक्त तपासायचे, निम्म्यांचे नुसते साठवायचे आणि उशिराच्या टप्प्यातले कर्करोग खरोखर घटतात का ते पाहायचे, अशी आखणी होती. इतकी काळजी घ्यावी लागणारी चाचणी बाप्पाच्या मंडपाशेजारी सवलतीत देणे आम्हाला पटले नाही. ज्यांना ती स्वतःच्या खर्चाने करायची आहे त्यांनी जरूर करावी, फक्त आधी जीपीशी, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरशी, बोलावे. मंडळाचे नाव दिसले की आपले ज्येष्ठ विश्वास ठेवतात, आणि त्या विश्वासाची जबाबदारी कार्यकारिणीवर असते.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांची चाचणी इथेच उरकावी, असेही काहींनी सुचवले. संकेत आला तर पुढचे स्कॅन आणि उपचार त्यांना मोफत नाहीत. एनएचएस रुग्णालय पाहुण्यांकडून दीडपट दर घेते.

आता थोडे कटू बोलतो. शिबिराऐवजी आम्ही एनएचएसच्या तपासण्यांवर मराठीतून व्याख्यान ठेवले. दिवाळी पहाटेला उभे राहायला जागा नसते त्या हॉलमध्ये पुढच्या दोन रांगाही भरल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर सर्वाधिक लिहिणारेही आले नाहीत. शनिवारी मुलांचे क्लास असतात, हे मान्य. पण विषय जिवाचा होता. दक्षिण आशियाई घरांतून आतड्याच्या तपासणीला मिळणारा प्रतिसाद इथल्या सरासरीहून कमी आहे, हे वेगवेगळ्या पाहण्यांतून वारंवार दिसले आहे. मोफत, पारखलेली तपासणी लाजेपोटी टाळायची आणि न पारखलेल्या चाचणीसाठी भांडायचे, हे थांबले पाहिजे.

इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी आतड्याच्या तपासणीचा किट घरपोच येतो. शौचाचा एक नमुना घ्यायचा आणि पोस्टात टाकायचा, इतकेच काम. पंचाहत्तरीनंतर फोन करून मागवता येतो. स्तनांच्या तपासणीचे बोलावणे पन्नाशीपासून ७१ व्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनी येते, तर गर्भाशयमुखाच्या तपासणीचे २५ ते ६४ या वयात. घर बदलले असेल तर जीपीकडे नवा पत्ता द्या, नाहीतर ही पत्रे जुन्या घरी जातात. मॅमोग्रामला एकटीने जायला संकोच वाटत असेल तर महिला समितीतली कुणीतरी सोबत येईल; समितीला तसा निरोप द्या. पुढच्या कार्यक्रमात किटची माहिती मराठीत छापून प्रवेशद्वारापाशी ठेवू. आणि कपाटात न उघडलेला किट पडला असेल तर नमुना घेऊन तो याच आठवड्यात पोस्टात टाका.

— संपादक, कार्यकारिणीच्या वतीने