चाकांवरच्या घरातील पहिला दिवस

गेल्या एप्रिलच्या मध्यास आम्ही उभयता चिरंजीवांकडे मेलबर्नला होतो. तेथे त्याने बेत मांडला की, चार दिवस मोटारहोम भाड्याने घ्यावे आणि समुद्रकाठच्या ग्रेट ओशन रोडने हिंडून यावे. मोटारहोम म्हणजे टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेली खोली. तीत गॅसची शेगडी, फ्रिज, मोरी, शौचकूप आणि रात्री पलंग होणारी बाके असतात. साडेचार टनांपर्यंतची अशी गाडी तेथे साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते आणि वाहने आपल्यासारखीच डावीकडून धावतात.

सौभाग्यवतींनी एकच प्रश्न केला, "अहो, सूर्यास्त किती वाजता होतो तिकडे?" त्यांचा चौविहार लग्नापासूनचा आहे. मी मात्र नोकरीच्या धबडग्यात तो कधीच सोडून दिला. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे तासभर मागे येतात, त्यामुळे सूर्यास्त सहाच्या आसपास होता. चिरंजीव म्हणाला, "आई, पाच वाजता आपण मुक्कामावर असू."

नाही पोहोचलो, आणि त्यात निम्मा दोष माझा. गाडी ताब्यात घेताना त्यांनी करारपत्र पुढे केले. बँकेतला माणूस न वाचता सही कशी करणार? अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, हे तर आपल्याकडील धारणाधिकारासारखेच झाले. मूळ विम्यात गाडीच्या टपाचे व तळाचे नुकसान धरलेले नव्हते, म्हणजे झाडाची फांदी लागली तरी भुर्दंड आपला. जादा हप्ता भरून ते संरक्षण घ्यायला लावले, ते बरेच केले. व्यापारी वाचकांना सांगणे एवढेच की, भाड्याच्या आकड्यापेक्षा विम्याच्या अपवादांचे पान आधी वाचावे. नंतर भांड्याकुंड्यांची मोजदाद झाली. निघेपर्यंत दोन वाजून गेले.

निघण्यापूर्वी तेथील माणसाने पाण्याचे गणित समजावले. स्वच्छ पाण्याची टाकी वेगळी, मोरीच्या सांडपाण्याची वेगळी आणि शौचकूपाची पेटी तिसरी. सांडपाणी रस्त्याकडेला सोडायचे नाही, नेमून दिलेल्या जागीच रिकामे करायचे. पाणी जपून वापरा, असे तो दोनदा म्हणाला. सूनबाई मिस्कीलपणे हसली. आम्ही केजचे. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि त्याच धरणावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एका तांब्यात दोन ताटे कशी विसळावीत, हे आम्हांला कोणी शिकवायचे?

जिलाँग मागे टाकून टॉर्कीला आलो. ग्रेट ओशन रोड येथून सुरू होतो. लांबी २४३ किलोमीटर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, कुदळ-फावडी आणि सुरुंग यांच्या बळावर, समुद्राला लागून हा रस्ता खोदला. कामावर ते तंबूंत राहत. न परतलेल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून हा रस्ता ओळखला जातो. एवढ्या लांबीचे स्मारक मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

वळणावळणांवर नात "थांबा ना" म्हणे आणि आम्ही थांबत होतो. वाटेत सौभाग्यवती डाळ-तांदूळ धुवायला उठू लागल्या, पण गाडी चालू असताना पट्टा सोडून उठणे कायद्याने मना आहे. त्या बसल्या. ईस्टर्न व्ह्यू येथील लाकडी कमानीशी पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि सूर्य पश्चिमेच्या डोंगराकडे कलला होता. मुक्कामाचे लॉर्न गाव अजून पाव तासावर. तेथे नोंदणी, जागा शोधणे, वीज जोडणे. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, खिडकीतून नुसत्या डोंगराकडे पाहत राहिल्या. मला करारपत्रावर घालवलेला तास आठवला.

मग चिरंजीवाच्याच ध्यानात आले. "आई, स्वयंपाकघर तर आपल्याबरोबरच आहे!" कमानीजवळच्या वाहनतळावर गाडी उभी केली, गॅसची चावी उघडली, मुगाच्या खिचडीचा कुकर चढला. पावणेसहाला ताटे वाढली. मीही त्यांच्याबरोबर बसलो आणि शेवटचे पाणीही त्यांच्याबरोबरच प्यालो.

ताटे पुसताना त्या सहज म्हणाल्या, "अहो, दसऱ्यानंतर आपल्या दारावरून ऊसतोडीच्या ट्रॉल्या जातात ना, त्या बायका पहिल्या दिवशी चूल कुठे मांडत असतील?"

मी निरुत्तर झालो. केजच्या शाखेत असताना ऊस वाहतुकीच्या कंत्राटदारांची ट्रॅक्टर-ट्रॉलीची कितीतरी कर्जप्रकरणे माझ्या सहीने मंजूर झाली. ट्रॉलीची किंमत, हप्ता, तारण, मुकादमाने वाटलेली उचल, एका टोळीत किती कोयते, हे सारे मला तोंडपाठ होते. त्याच ट्रॉलीत भांडी, धान्याची पोती, पांघरुणे, शेळी आणि मांडीवर मूल घेऊन बसलेली माणसे सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे जाताना मी दरवर्षी पाहत होतो. पोहोचल्यावर ती कोपी उभारतात, एवढे ऐकून होतो. वाटेतल्या मुक्कामी ती काय शिजवतात, पाणी कोठून आणतात, हे विचारावे असे एकदाही सुचले नव्हते. बाईमाणसाला पहाटे फडावर जायचे आणि अंधारात परतून चूल पेटवायची. "त्यांना कुठला सूर्यास्त," असे सौभाग्यवती स्वतःशीच म्हणाल्या.

लॉर्नला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. विजेची तार जोडायला चिरंजीवाला विजेरी धरून मी उभा राहिलो. नात बाकावरच झोपली होती. पलंग उघडायची युक्ती कोणाला सापडेना, ती शेवटी सूनबाईला सापडली. रात्री अंथरुणात मी सौभाग्यवतींना म्हणालो, "येत्या दसऱ्याला कोणा मुकादमाला नव्हे, त्या बायकांनाच विचारू." त्यांना झोप लागली होती.