कलाश्निकोव्हला शेतकऱ्यासाठी यंत्र बनवायचं होतं!

एके-४७ माहीत नाही असा पोरगा आपल्या कॉलेजात शोधून सापडणार नाही. पबजीनं तेवढं शिकवलंय! पण ती बनवणारा मिखाईल कलाश्निकोव्ह किती जणांना माहितीये?

जन्म १९१९ चा, शेतकरी कुटुंबातला. १९३० मध्ये स्टॅलिनच्या राजवटीनं या कुटुंबाला सायबेरियात हद्दपार केलं. इंजिनिअरिंगची डिग्री त्याच्याकडे नव्हतीच. १९४१ मध्ये रणगाड्यावर लढताना तो जखमी झाला. दवाखान्यात शेजारच्या खाटांवरचे सैनिक आपल्या बंदुकांबद्दल कुरकुर करायचे. ती ऐकता ऐकता याच्या डोक्यात नवं हत्यार आकार घेऊ लागलं. १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्यानं त्याची रायफल स्वीकारली. चिखल असो की धूळ, ती चालायची.

असंच एक उदाहरण आपल्याकडचं. जानेवारी २०२१ मध्ये ‘अस्मि’ हे ९ मिमी मशीन पिस्तूल जाहीर झालं. डिझाइन लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचं. महूचं इन्फंट्री स्कूल आणि पुण्यातली डीआरडीओची प्रयोगशाळा एआरडीई यांनी मिळून ते चार महिन्यांत उभं केलं. ट्रिगरचे काही भाग चक्क थ्रीडी प्रिंटिंगनं बनवले. बनसोड स्वतः सैन्यातले. हत्यार हातात घेणाऱ्याला काय लागतं, हे त्यांना दुसऱ्यानं सांगायची गरजच नव्हती.

माझा मुद्दा इथेच आहे. अडचण ज्याच्या अंगावर येते, त्यालाच ती नीट कळते. मग पांढरकवड्याच्या पोरांना कोणती अडचण कळते? कपाशीची फवारणी! २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. झाडं डोक्याएवढी, पंप पाठीवर, तोंडाला साधं फडकं. सुरक्षा किट आहे, पण उन्हात घालून तासभर काम करून बघा म्हणजे कळेल. उकाड्यात अंगावर ठेवता येईल असा पोशाख आणि विष माणसापासून लांब ठेवणारा स्वस्त पंप आपल्यापैकीच कोणी का बनवू नये?

‘आमच्याकडे कुठे लॅब आहे?’ असं म्हणाल. खरंय, आणि ती मागायलाच हवी. पण पहिली पायरी लॅबची नाहीच. कलाश्निकोव्हची दवाखान्यातल्या खाटेवर सुरू झाली. फायनल इयरचा प्रोजेक्ट रेडीमेड विकत आणण्यापेक्षा या खरिपात फवारणीवाल्या काकांसोबत दोन दिवस धुऱ्यावर थांबा. पाठ कुठे दुखते, नोझल कधी तुंबतं, वारा फिरला की ते काय करतात, सगळं वहीत लिहा.

आणि हो, २०१३ मध्ये ९४ व्या वर्षी गेलेल्या कलाश्निकोव्हनं उतारवयात बोलून दाखवलं होतं, की शेतकऱ्याच्या कामी येईल असं काही, म्हणजे गवत कापायचं यंत्र वगैरे, बनवलं असतं तर जास्त आवडलं असतं. आपल्या रायफलनं गेलेल्या जिवांचा भार त्यानं शेवटी चर्चच्या प्रमुखांना पत्र लिहून बोलून दाखवला. त्याला जे जमलं नाही, ते करायची संधी आपल्या वावरातच पडून आहे, दोस्तांनो.