हिरो मेला तर खेळ संपतो का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या ग्रुपमध्ये एक भांडण ठरलेलंच. एकाला कड्यावरून थेट ड्रॅगनच्या पाठीवर उडी मारायची असते. दुसरा म्हणतो, "अंगावर एवढं चिलखत घालून? पाय मोडेल ना बे!" एकाला सिनेमा हवा, दुसऱ्याला हिशेब.

हा खेळ फक्त 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण (डीएम) गोष्ट पुढे नेतो आणि डाव साधला की फसला, हे फासा ठरवतो.

1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला, तेव्हा नवखं पात्र एका घावात मरू शकायचं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलेल्या पात्रालाही फासे टाकून वाचायची संधी मिळते. वाचलं आणि रात्रभर आराम केला, की सगळे हिट पॉइंट्स परत! याच्या उलट 1981 चा 'कॉल ऑफ क्थुलू'. त्यात तुम्ही प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार अशी साधी माणसं असता. भयंकर काही दिसलं की मनाचा तोलसुद्धा गुणांमध्ये घसरतो.

माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. जिथे हरायची भीतीच नाही, तिथे शौर्य कसलं? मरणार नाही हे माहीत असेल, तर ड्रॅगनवर उडी कुणीही मारेल.

आपल्या बर्डीचंच घ्या. 26-27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज संख्येने कितीतरी मोठी होती, तरी इंग्रज कंपनी जिंकली. यावर हिरो स्टाइल कॅम्पेन केलं तर आपण एका संध्याकाळी इतिहास उलटवू. मजा येईल, पण तेवढंच. रिअलिस्टिक खेळलो तर प्रश्न पडतील: एवढी फौज असून हरलो काऊन? हुकूम कोण देत होतं? कंपनीकडून लढणारे बहुतेक शिपाई हिंदुस्थानीच होते, मग त्यातला एखादा आपलं पात्र असेल तर तो काय करेल? पुस्तकातली तारीख अशी अंगावर येते.

कोणी म्हणेल, दिवसभर सबमिशन आणि बॅकलॉगचं टेन्शन असतं, निदान खेळात तरी जिंकू द्या. अगदी मान्य. पण आपल्या वयात हरण्याची सगळ्यात जास्त धास्ती असते. एक पेपर गेला की सगळं संपलं असं वाटतं. या टेबलावर मात्र पात्र मरतं, सगळे हळहळतात आणि अर्ध्या तासात तोच मित्र नवं पात्र घेऊन परत बसतो. हरून पुन्हा उभं राहायची इतकी स्वस्त प्रॅक्टिस दुसरीकडे कुठे मिळणार?

म्हणून पहिला फासा टाकण्याआधी दहा मिनिटं बोलून घ्या: आपल्या खेळात पात्रं मरू शकतात का? आणि निदान एका कॅम्पेनपुरतं तरी 'हो' म्हणून बघा.