ओसरीवरच्या गोष्टी : चमत्काराला पुरावा मागणारें गांव

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं एक प्रकार घडला. तो सांगावा कीं न सांगावा, या विचारांत दोन महिने गेले. घरची अब्रू चव्हाट्यावर आणूं नये, असें माझे धाकटे बंधु म्हणतात. परंतु ज्यांचें सोनें गेलें त्या आमच्या आक्कांनींच लिहिण्यास परवानगी दिली आहे, तेव्हां आतां संकोच नाहीं.

आक्का म्हणजे माझी वडील बहीण. तरुणपणींच वैधव्य आलें आणि तेव्हांपासून त्या आमच्याकडेच आहेत. घरांत सतरा माणसें, दोन चुली आणि एक देवघर. त्या देवघराचा सारा कारभार त्यांच्याकडे. मार्गशीर्षांत एक बुवा दारीं येऊं लागला. भगवीं वस्त्रें, गोड वाणी, विष्णुसहस्रनाम तोंडपाठ. रोज सकाळीं यावें, आक्कांच्या ओटींत एक नारळ घालावा, आशीर्वाद द्यावा आणि चालूं लागावें. दक्षिणा दिली तर घेत नसे. असे एकवीस दिवस गेले. आक्कांनीं ते नारळ प्रसाद म्हणून कोठीच्या खोलींत जपून ठेविले. एकही फोडला नाहीं. बाविसाव्या दिवशीं बुवानें सांगितलें कीं, या घरावर एक दोष आहे. अमावास्येच्या रात्रीं अंगावरचें सोनें हळदीसह तांब्याच्या गडव्यांत घालून तुळशीवृंदावनाजवळ पुरावें, आठ दिवसांनीं उघडावें. मात्र हें कोणाला कळतां कामा नये. घरांतल्या शिकलेल्या पुरुषांना तर मुळींच नाहीं. आईच्या हातच्या दोन पाटल्या आक्कांनीं आपल्या हातानें त्याच्यापुढें ठेविल्या. मंत्र म्हणून गडवा त्यानें बंद केला. आठ दिवसांनीं उघडला तेव्हां आंत हळद होती आणि नदींतले दोन गोटे.

पोलिसांत वर्दी दिली. महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्यांत चमत्काराच्या नांवाखालीं लोकांना फसविणें हा गुन्हा ठरविला आहे, हें मी आक्कांना समजावून सांगूं लागलों. घरांत कोणीं त्यांना एक शब्द बोललें नाहीं. पण मी मास्तर पडलों. चाळीस वर्षें वर्गांत बोलण्याची संवय. मी म्हणालों, “आक्का, एवढी पोथी वाचणारी तूं, आणि अशा भोंदूवर विश्वास ठेविलास?”

त्या शांतपणें म्हणाल्या, “अरे, रोज संध्याकाळीं ओसरीवर पोरांना तूंच ना सांगतोस, पैठणास रेड्यानें वेद म्हटले म्हणून? त्या रेड्यावर विश्वास ठेवायचा आणि या बुवावर ठेवायचा नाहीं, हें मला कोणीं शिकविलें होतें?”

मला उत्तर सुचलें नाहीं. त्या दिवसापासून मी पैठणांतच राहत आहें असें म्हटलें तरी चालेल. नकाशावर, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत जें पैठण आहे, जेथें १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या धरणामागें नाथसागर पसरला आहे, तें हें नव्हे. मी म्हणतों तें पोथ्यांतलें पैठण. खरें पैठण सातवाहनांची राजधानी होतें. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरचें मोठें व्यापाराचें गांव म्हणून इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासवर्णनांतही त्याचा उल्लेख आहे. पण त्याच्या शेजारीं कथाकारांनीं गोदेच्या तीरावर दुसरें एक पैठण वसविलें. त्यांत वेताळ राहतात, पिशाचांच्या भाषेंत ग्रंथ होतात, दगडी बैल वैरण खातात. आणि गंमत अशी कीं, एवढे चमत्कार ज्या गांवांत घडले तें गांव चमत्कारावर कधींच भाळलेलें दिसत नाहीं. तें नेहमीं कपाळाला आठी घालून बसलेलें आहे.

पहिली गोष्ट गुणाढ्याची. ही सोमदेवानें कथासरित्सागरांत सांगितली आहे. सोमदेव अकराव्या शतकांतला काश्मीरचा ब्राह्मण. सूर्यवती राणीच्या मनोरंजनासाठीं त्यानें तो ग्रंथ रचिला. प्रतिष्ठान देशांतील सुप्रतिष्ठित नगरांत सातवाहन राजा जलक्रीडा करीत असतां एक राणी दमली आणि पाण्यानें मारूं नका, असें संस्कृतांत म्हणाली. ‘मा’ आणि ‘उदक’ यांचा संधि राजाला कळला नाहीं; त्यानें मोदकांचीं ताटें आणविलीं. राणी हंसली. राजा लाजेनें अंथरुणाला खिळला. (व्याकरण न शिकल्याचा एवढा पश्चात्ताप माझ्या एकाही विद्यार्थ्याला झालेला मीं पाहिला नाहीं, हें जातां जातां नमूद करतों.) गुणाढ्य पंडित म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षें लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. तेव्हां गुणाढ्यानें पैज घातली कीं, असें झालें तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्यानें उत्तर दिलें कीं, न झालें तर तुझ्या पादुका बारा वर्षें डोक्यावर वाहीन. पुढें शर्ववर्म्यानें तप केलें, कार्तिकेय प्रसन्न झाला, कातंत्र व्याकरण त्याला मिळालें, राजा सहा महिन्यांत विद्वान झाला. गुणाढ्य मुका होऊन विंध्यारण्यांत निघून गेला.

तेथें उरली ती एकच भाषा, पिशाचांची. काणभूति नांवाच्या पिशाचानें सांगितलेली दिव्य कथा त्यानें त्याच भाषेंत लिहिली. सात वर्षें, सात लक्ष श्लोक. अरण्यांत शाई कोठली? स्वतःच्या रक्तानें लिहिली. शिष्यांहातीं तो ग्रंथ सातवाहनाकडे पाठविला. आणि सहा महिन्यांपूर्वीं नव्हे, पण फार पूर्वींही नव्हे, मोदक मागविणारा तो राजा म्हणाला, भाषा पैशाची, अक्षरें रक्ताचीं, घेऊन जा!

गुणाढ्यानें टेकडीवर अग्नि पेटविला आणि एकेक पान वाचून तो अग्नींत टाकूं लागला. अरण्यांतले पशु चारा सोडून भोंवतीं उभे राहिले, डोळ्यांतून पाणी गाळीत ऐकूं लागले. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, शुष्क मांसाचा दोष. आचाऱ्यांनीं शिकाऱ्यांना दटाविलें, शिकारी म्हणाले, आम्ही काय करावें, रानांत कोणी खातच नाहीं, सगळे गोष्ट ऐकत आहेत. राजा धांवत गेला. तोंवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. शिष्यांना आवडे म्हणून नरवाहनदत्ताची एक लक्षाची कथा राखून ठेविली होती, तेवढी राजानें नेली.

कार्तिकेयाचें देणें सहा महिन्यांत पदरांत घेणारें तें नगर पिशाचभाषेला मात्र भ्यालें. मुलें येथें नेहमीं विचारतात, “आजोबा, त्या सहा लाखांत काय होतें?” याला काय सांगावें!

दुसरी गोष्ट त्याच ग्रंथांतली, पण लोकांनीं तिला विक्रमाची करून टाकिली आहे. सोमदेवाच्या पोथींत राजाचें नांव त्रिविक्रमसेन, आणि राजधानी उज्जयिनी नव्हे, गोदेच्या तीरावरचें प्रतिष्ठान. क्षांतिशील नांवाचा एक भिक्षु रोज दरबारांत येऊन राजाच्या हातीं एक फळ देई. राजा तें कोशाध्यक्षाकडे देई, आणि कोशाध्यक्ष तें न फोडतां खिडकींतून कोठारांत टाकी. असें दहा वर्षें चाललें! एके दिवशीं पाळलेल्या माकडानें तें फळ हिसकून चावलें, तेव्हां त्यांतून अमोल रत्न बाहेर पडलें. कोठार उघडून पाहतात तों फळें कुजून गेलेलीं आणि खालीं रत्नांचा ढीग.

वाचकहो, ही ओळ मीं पोरांना शंभर वेळां तरी वाचून दाखविली असेल. आक्का वाती वळीत शेजारीं बसलेल्या असत. कोठींत आमचे एकवीस नारळ साठत होते तेव्हांही मी ही गोष्ट सांगितली होती काय, हें मला आठवत नाहीं. सांगितली असली तर माझ्याइतका आंधळा मीच.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. कृष्णचतुर्दशीची रात्र, महास्मशान, शिंशपा वृक्षावरचें प्रेत, त्यांत शिरलेला वेताळ, त्याचीं कोडीं. शेवटच्या कोड्याला राजाला उत्तर येईना म्हणून तो गप्प राहिला. तें मौनच वेताळाला आवडलें. त्यानेंच राजाला सावध केलें कीं, हा भिक्षु तुला साष्टांग नमस्कार घालावयास सांगेल आणि तुझा बळी देईल. तूं म्हण, मी राजा आहें, मला नमस्कार ठाऊक नाहीं, आधीं तूं घालून दाखव. भिक्षु वांकला आणि राजानें त्याचें शिर उडविलें. थोडक्यांत, त्या रात्रीं पैठणच्या स्मशानांत भूत खरें बोललें आणि साधु खोटा निघाला.

आतां रेड्याकडे येतों. आळंदीचीं चार पोरकीं मुलें शुद्धिपत्रासाठीं पैठणास आलीं. संन्याशाचीं मुलें, शास्त्रांत प्रायश्चित्त नाहीं. कोणी टवाळ म्हणाला, नांवांत काय आहे, त्या पखालीच्या रेड्याचेंही नांव ज्ञानाच आहे. ज्ञानदेव म्हणाले, त्याच्यांत आणि माझ्यांत भेद नाहीं. मग रेड्यावर आसूड, ज्ञानदेवांच्या पाठीवर वळ. तरी पुरावा पुरेना. म्हणून रेड्याच्या तोंडून ऋचा. महिपतींनीं १७६२ सालीं भक्तविजय लिहिला, तेव्हांपासून ही कथा तर घरोघरीं गेली. जुन्नर तालुक्यांत आळे येथें त्या रेड्याची समाधि दाखवितात. मी ती पाहिली आहे. आणि एवढें होऊनही, परंपरा सांगते कीं, त्या मुलांनीं ब्रह्मचर्यानेंच राहावें ही अट सुटली नाहीं. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ.स. १२९० त, नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. नऊ हजारांच्या आसपास ओव्या. त्यांत या रेड्याचा उल्लेख नाहीं.

नाथांच्या वेळींही तेंच. पापी माणसाला नाथांनीं पंक्तीस घेतलें, तर गांवानें दगडी नंदीकडून साक्ष मागितली. नंदीनें वैरण खाल्ली तेव्हां गांव उठलें. मला मात्र नाथांच्या गोष्टींत श्रीखंड्याच अधिक भावतो. बारा वर्षें तो कावडीनें पाणी भरीत होता आणि तो देव आहे हें कोणाला कळलें नाहीं. द्वारकेहून एक ब्राह्मण शोधीत आला तेव्हां कळलें, पण तोंवर तो निघून गेलेला. पैठणास नाथांच्या वाड्यांत तो रांजण अजून आहे, आणि नाथषष्ठीच्या उत्सवांत लोक त्यांत पाणी ओततात.

हें सारें पुन्हां वाचीत असतां एक गोष्ट ध्यानांत आली, आणि ती पैठणाला फारशी भूषणावह नाहीं. जो भर दिवसा, चारचौघांत येऊन कांहीं मागत होता, त्याला या गांवानें पुरावा विचारला. गुणाढ्याला विचारला, पोरक्या मुलांना विचारला, नाथांना विचारला. आणि जो रोज येऊन निमूटपणें फळ देत होता, त्याला दहा वर्षें कोणी कांहीं विचारलें नाहीं. आम्हांला तरी पैठणाला हंसण्याचा काय अधिकार? गेल्या वर्षीं एक गरीब विद्यार्थी फीसाठीं दारीं आला होता. मीं त्याची गुणपत्रिका पाहिली, दाखला पाहिला, वडिलांचें उत्पन्न विचारलें आणि मग निम्मी रक्कम दिली. बुवाला मीं स्वतः दोनदां नमस्कार केला होता. तो काय मागतो याची चौकशी केली, आणि कांहींच मागत नाहीं असें कळल्यावर समाधान पावलों.

हें मी आक्कांना सांगितलें. म्हटलें, ज्ञानदेवांनीं जें केलें तें पैठणच्या सभेंत, सर्वांसमक्ष. घेतला तो एक कागद, तोही अटीचा. तुझा बुवा अमावास्या सांगतो आणि कोणाला कळूं देऊं नको म्हणतो. भेद एवढा आहे.

आक्का म्हणाल्या, “तें मला आतां कळलें. माझ्या प्रश्नाचें उत्तर तूं दिलें नाहींस. रेड्यानें वेद म्हटले कीं नाहीं?”

मी बराच वेळ गप्प होतों. वेताळाला तें आवडलें असतें. आक्कांना आवडलें नाहीं. शेवटीं म्हणालों, “मी तेथें नव्हतों, आक्का. मला ठाऊक नाहीं. पण त्या मुलांना कोणी दारांत उभें करीत नव्हतें, हें मला खरें वाटतें.”

“मग पोरांनाही असेंच सांग,” त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळीं ओसरीवर तसेंच सांगितलें. पोरांना फारसें रुचलें नाहीं. धाकट्यानें तर त्यापेक्षां फळाची गोष्ट सांगा म्हणून हट्ट धरला. ती सांगून माकडानें फळ चावल्यापर्यंत आलों, तों आक्का हातांतल्या वाती ठेवून उठल्या आणि थोरल्या सुनेला हांक मारून कोयता घेऊन ये म्हणाल्या. कोठींतून एकेक नारळ बाहेर आला. पायरीवर बसून आक्कांनीं स्वतः फोडले. प्रत्येक वाटींत पोरें डोकीं घालून पाहत होतीं. एकविसांपैकीं चार नासके निघाले. उरलेल्यांच्या वड्या केल्या. त्या संक्रांतीपर्यंत पुरल्या.