बाजारातील तुरी आणि घरातील तंटा

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपल्या घरांतून इतकी रुळली आहे की तिच्यातील विनोदाकडे आता कोणाचे लक्षही जात नाही. तुरी अद्याप बाजारात आहेत, त्या विकत घ्यावयाच्या आहेत, आणि त्यांचे वरण कसे करावे एवढ्यावरून घरात हातघाई सुरू झाली आहे, असा तिचा भाव. हल्ली मुलांच्या लॅपटॉपविषयी घरोघर जो वाद चालतो तो ऐकिला म्हणजे ही म्हण आठवल्यावाचून राहत नाही. येथे तर तुरी बाजारातही आलेल्या नसतात. दूर तैवानात कोठे तरी त्या पेरल्या गेल्या आहेत, अशी नुसती वदंता असते. या वदंतांचे मूळ कोठे, त्यांत तथ्य किती आणि शहाण्या कुटुंबाने त्यांचे काय करावे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

ज्या वडीलधाऱ्या मंडळींस या वस्तूचा परिचय नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. संगणकाची मुख्य चिप नाना प्रकारची कामे करते, परंतु एका वेळी थोडीच. पडद्यावर लक्षावधी बिंदू असतात आणि खेळ चालू असता त्या प्रत्येकाचा रंग क्षणोक्षणी नव्याने ठरवावा लागतो. हे काम एकाच जातीचे, पण संख्येने अफाट. ते हजारो लहान गणकांकडून एकसमयावच्छेदेकरून करवून घेणारी जी निराळी चिप, तीस ग्राफिक्स चिप म्हणतात. या धंद्यातील अग्रगण्य ‘एनव्हिडिया’ ही अमेरिकन कंपनी १९९३ साली स्थापन झाली. आरंभी तिचा माल खेळगड्यांसाठीच असे. परंतु २००७ पासून त्याच चिपांवर सामान्य गणिते करण्याची सोय तिने खुली केली, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा सारा डोलारा या जातीच्या चिपांवर उभा आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक, जो नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांत ६३ वा गणला गेला, तोही याच कंपनीच्या चिपांवर चालतो. तेव्हा ‘हे खेळणे कशाला हवे?’ एवढे बोलून वडिलांनी हा प्रश्न निकालात काढणे न्यायाचे होणार नाही.

आता वसईतील एका सुशिक्षित एकत्र कुटुंबाची हकीकत पाहू. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. असे घर आगाशीसही सापडेल आणि विरारच्या नव्या इमारतींतही सापडेल. आजीची एक मुदत ठेव २०२४ च्या दिवाळीस पुरी झाली, आणि तीतून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या नातवास उत्तम लॅपटॉप घेऊन द्यावा असे सर्वानुमते ठरले. तेव्हा चिरंजीव म्हणाले, “काका, दोन महिने थांबा. जानेवारीत नवी चिप यावयाची आहे. आज घेतली तर जुनीच पदरात पडेल.” काका थांबले. वार्ता खरी ठरली. ६ जानेवारी २०२५ रोजी लास वेगास येथे कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ‘आरटीएक्स ५०’ मालिकेची घोषणा केली. परंतु लॅपटॉप प्रत्यक्ष बाजारात येण्यास मार्च उजाडला, आणि श्रेष्ठ प्रतीच्या यंत्राची किंमत आपल्याकडे चार लाखांच्या पुढे निघाली. इतक्यात ‘सुपर’ या उपनावाची अधिक मेमरी असलेली सुधारलेली आवृत्ती येणार अशी आवई उठली. पुन्हा थांबणे आले. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या चिपांचेच भाव जगभर चढले, आणि जानेवारी २०२६ च्या लास वेगासच्या प्रदर्शनात त्या ‘सुपर’ची घोषणाही झाली नाही.

मधल्या काळात मुलाचे एक वर्ष मित्रांच्या यंत्रांवर काम उरकण्यात गेले. थोरल्या काकांची कन्या बारावी होऊन वास्तुरचनेच्या महाविद्यालयात दाखल झाली; तिलाही यंत्र अवश्य होते. परंतु आजीची रक्कम चुलत भावाच्या प्रतीक्षेत अडकून पडलेली. मुलगी काही बोलली नाही, तिची आई मात्र बोलली. आणि जे दोघे भाऊ पंचवीस वर्षे एका पंक्तीस बसून जेवले ते आता जेवताना एकमेकांशी मोजकेच बोलतात. जी वस्तू घरात आलीच नाही तिने हे करून ठेवले.

या वार्ता उठतात तरी कोठून? सर्वच थापा असतात असे म्हणणे अज्ञानाचे होईल. नवी चिप विक्रीस येण्यापूर्वी कित्येक महिने तिचे नमुने चाचणीसाठी देशोदेशी पाठविले जातात, आणि सीमाशुल्काच्या कागदांत त्यांची नोंद होते. मागील दशकात ‘झौबा’ या भारतीय संकेतस्थळावर आयातीच्या अशा नोंदी प्रसिद्ध होत, आणि आपल्या देशात चाचणीस आलेल्या चिपांची पहिली वार्ता साऱ्या जगास त्या नोंदींतून लागे. दुसरा उगम म्हणजे चिप चालविण्यासाठी लागणाऱ्या आज्ञावली. त्यांत भावी चिपांची सांकेतिक नावे आधीच येऊन बसतात. तिसरा, वेग मोजणाऱ्या कसोट्यांच्या याद्या. एखाद्या कारखान्यातील नमुना तेथे चाचणीस लावला की त्याचे आकडे जाहीर होतात. चौथा उगम म्हणजे घाईने विक्रीचे पान उघडे करून बसलेला एखादा दुकानदार. याप्रमाणे ठिणगी बहुधा खरी असते. परंतु नमुना चाचणीस आला एवढ्यावरून तो केव्हा, किती किमतीस आणि कोणत्या नावाने विकला जाईल हे ठरत नाही. ती उणीव कल्पनेने भरून काढणारे पुष्कळ आहेत, आणि जितके लोक पाहतील तितकी त्यांची मिळकत वाढते, ही गोष्ट विसरता कामा नये.

ज्यांस खरे ठाऊक असते ते बोलत नाहीत. एनव्हिडियाचे कार्यालय पुण्यातही आहे. तेथे आपल्यापैकी कित्येकांचे मुलगे, सुना, जावई काम करतात. गुप्ततेचा करार करून ते नोकरीत शिरलेले असतात. घरच्या समारंभात त्यांस कोपऱ्यात गाठून “पुढची चिप केव्हा?” असे विचारणाऱ्या आप्तांनी, आपण त्यांस केवढ्या संकटात टाकीत आहो याचा विचार करावा. जो या प्रश्नावर हसून विषय बदलतो तोच बहुधा जाणता असतो.

या वदंतांचा आजवरचा हिशेब मिश्र आहे. २०२२ साली ‘आरटीएक्स ४०९०’ ही मेजावरच्या संगणकासाठीची चिप सहाशे वॅट किंवा त्याहूनही अधिक वीज खाईल असा बोभाटा झाला होता. ती आली ती ४५० वॅटची. ‘५०९०’च्या लॅपटॉप आवृत्तीस १६ गिगाबाइट मेमरी असेल असे २०२४ मध्ये बोलले जाई, ती निघाली २४ गिगाबाइटची. अधिक मौजेची गोष्ट अशी की कंपनीच्या स्वमुखाने झालेली घोषणाही अढळ नसते. २० सप्टेंबर २०२२ रोजी ‘४०८०, १२ गिगाबाइट’ या नावाची चिप जाहीर झाली, लोकांनी नावाविषयी कोल्हाल केला, आणि १४ ऑक्टोबर रोजी कंपनीने ती मागे घेतली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये तीच वस्तू ‘४०७० टीआय’ या नावाने कमी किमतीस विकण्यात आली. जेथे घोषणेची ही गत, तेथे कर्णोपकर्णी आलेल्या वार्तेवर आजीची ठेव रोखून धरावी काय?

नावाचा विषय निघालाच आहे, तर लॅपटॉप घेणाऱ्याने सर्वांत अधिक सावध राहावे असे हेच स्थान. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ हा प्रकार येथे राजरोस चालतो. मेजावरच्या ‘५०९०’मध्ये २१,७६० लहान गणक आहेत आणि ती ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. लॅपटॉपमधील ‘५०९०’मध्ये १०,४९६ गणक, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि तिची विजेची मर्यादा ९५ ते १५० वॅट. दोहोंतील सिलिकॉनचा तुकडाही एक नव्हे. लॅपटॉपमध्ये जो बसविला आहे तो मेजावरच्या ‘५०८०’चा भाऊबंद आहे. यात लबाडीपेक्षा पदार्थविज्ञानाचा भाग मोठा आहे. वीज गेली तेथे उष्णता आलीच, आणि दोन बोटे जाडीच्या पेटीतून पाचशे वॅटची उष्णता बाहेर काढणारा पंखा अद्याप कोणी केलेला नाही. परंतु ९५ वॅट आणि १५० वॅट ही दोन्ही यंत्रे एकाच नावाने विकली जातात, हे तरी ग्राहकास ठाऊक असलेच पाहिजे. अधिक वॅट मिळालेली खालच्या क्रमांकाची चिप कमी वॅट मिळालेल्या वरच्या क्रमांकाच्या चिपेस गाठू शकते. सबब दुकानात गेल्यावर नावापाठोपाठ ‘वॅट किती?’ हा प्रश्न विचारावा. निर्मात्याच्या तपशीलपत्रकात हा आकडा ‘टीजीपी’ या अक्षरांपुढे दिलेला असतो.

वसई-विरारच्या रहिवाशांस तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. चैत्र-वैशाखात खाडीकाठची हवा जेव्हा उष्ण आणि दमट होते तेव्हा यंत्राची उष्णता बाहेर पडणे कठीण जाते, आणि चिप स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग आपण उतरविते. वीज गेली तर आणखी अडचण. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी सामान्यतः शंभर वॅट-तासांच्या आत ठेवतात. एकटी चिप दीडशे वॅट मागू लागली तर ती बॅटरी पाऊण तासही टिकणार नाही. म्हणून बॅटरीवर असता यंत्र चिपेची वीज पुष्कळच कमी करते, आणि चार लाखांचे यंत्र त्या वेळी लाखाच्या यंत्राच्या पंक्तीस येऊन बसते. शिवाय अठरा इंची पडद्याचा लॅपटॉप तीन किलोहून जड, त्याचा चार्जर निराळा; हे ओझे पाठीवर घेऊन सकाळच्या विरार लोकलमध्ये शिरावयाचे आहे, हेही यंत्र निवडण्यापूर्वी मुलाने एकदा मनात आणावे.

तर मग करावे काय? आमच्या मते प्रथम काम ठरवावे. अभियांत्रिकीचा अभ्यास, आराखडे, चित्रफितींचे संपादन आणि माफक खेळ यांस सर्वश्रेष्ठ चिपेची गरज नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी प्रारूपे घरच्या घरी चालवावयाची असतील तर मात्र चिपेवरील मेमरी अधिक पाहिजे, आणि तो खर्च मग सकारण ठरतो. दुसरी गोष्ट, तिथी ठरवावी. या कंपनीच्या लॅपटॉप-मालिकांचे पंचांग काही गूढ नाही: २० वी मालिका जानेवारी २०१९, ३० वी जानेवारी २०२१, ४० वी फेब्रुवारी २०२३, ५० वी मार्च २०२५. सुमारे दोन वर्षांचे हे चक्र आहे. नव्या मालिकेची विक्रीची तारीख निर्मात्याने अधिकृतपणे जाहीर केली असेल आणि ती महिन्या-दीड महिन्यावर असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. कारण तेव्हा जुन्या मालाची किंमतही उतरण्याचा संभव असतो. अशी तारीख जाहीर नसेल तर कुटुंबाने आपली तिथी मुक्रर करावी, आणि त्या दिवशी जे बाजारात प्रत्यक्ष आहे त्यांतून निवडावे. तिसरी गोष्ट, वस्तू डोळ्यांनी पाहावी. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळ डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजेच जुन्या लॅमिंग्टन रोडवर, दोन-चार दुकाने हिंडून यंत्र हाताळावे, पंख्याचा आवाज ऐकावा, वॅटचा आकडा लिहून घ्यावा आणि मगच पैसे द्यावेत.

मुलांस एक विनंती आहे. तुमचे ज्ञान वडिलांहून या विषयात अधिक आहे यात शंका नाही; म्हणूनच जबाबदारीही तुमची अधिक. “नवी येणार आहे” असे सांगताना ती कोणी सांगितली, अधिकृत की ऐकीव, आणि आली तर आपल्या कामात नेमका काय फरक पडेल, या तीन प्रश्नांची उत्तरे काकांपुढे ठेवा. वडिलांसही विनंती आहे. पैसे देणाऱ्याने ‘तुला कळते ते कर’ असे म्हणून अंग काढून घेऊ नये. २०२५ मध्ये चार लाखांच्या एका यंत्राऐवजी एक ते दीड लाखाच्या आसपासची दोन चांगली यंत्रे मिळत होती. भाव चढल्यावर हे गणित थोडे बदलले असेल, तरी घरात शिकणारी मुले दोन आहेत ही गोष्ट बदललेली नाही. आजीची ठेव दोघांचीही आहे, आणि जी मुलगी मागत नाही तिची गरज आपण होऊन विचारणे हे कर्त्या पुरुषाचे काम आहे.

पुढील मालिकेच्या वार्ता आताच कानांवर येऊ लागल्या आहेत, आणि ती बाजारात येताच तिच्या पुढील मालिकेच्या येऊ लागतील. त्या आवडीने ऐकाव्यात. तरुणांच्या गप्पांस तो चांगला विषय आहे. घरची खरेदी मात्र घरच्या गरजेवरून आणि घरच्या पंचांगावरून करावी, इतके सुचवून हा विषय येथे पुरा करतो.